पोटरीवरची काळी खपली

लॅबमध्ये सगळे तिला चिमटा म्हणायचे. एक तर एप्रनच्या खिशात तिच्या कायम चिमटा असायचा, आणि दुसरं म्हणजे तिचं बोलणं. सरकारी इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या लॅबमध्ये तिची सोळा वर्षं गेली होती. कुणी लेबल तिरकं लावलं, कुणी बाटलीचं झाकण सैल ठेवलं, हे तिच्या नजरेतून सुटत नसे, आणि नजरेत आलं की बोलल्याशिवाय तिला चैन पडत नसे. म्हणूनच घरात, सख्ख्या सासऱ्यांच्या पायावर आठवडाभर असलेली गोष्ट आपल्याला दिसली नाही, हे तिला फार लागलं.

दिसली ती गुरुवारी सकाळी. नवरा बोटीवर नोकरीला, चार-चार महिने बाहेर. घरात ती आणि बाबा, म्हणजे तिचे सासरे, अशी दोघंच. बाबांनी जन्मभर शिंपीकाम केलेलं. सकाळी उठून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसणारा माणूस त्या दिवशी आठ वाजले तरी पांघरुणात होता. कपाळाला हात लावला तर चटका बसला. दोन दिवसांपासून अंग मोडून आलंय, डोकं ठणकतंय, असं त्यांनी सांगितलं, तेही तिने खोदून खोदून विचारल्यावर. पायावरचं पांघरूण सरकवलं, तर डाव्या पोटरीवर कोटाच्या बटणाएवढी काळीकुट्ट खपली, भोवती लालसर कडं.

हे काय आणि कधीपासून, असं तिने विचारलं. आठ दिवस झाले असतील, दुखत-बिखत काही नाही, टेबलाचा कोपरा लागला असेल, असं बाबा म्हणाले. छातीवर आणि पाठीवर दहा-बारा पुटकुळ्या आल्या होत्या. काहींच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढं पाणी होतं.

गल्लीतल्या डॉक्टरांनी येऊन, उभ्या उभ्या पाहून, कांजिण्या म्हणून सांगितलं. त्यांना ते सोपंच होतं. त्याच इमारतीत, तळघरातल्या दोन खोल्यांत राहणाऱ्या केअरटेकरच्या मुलीला दहा दिवसांपूर्वी त्यांनी कांजिण्याच सांगितल्या होत्या, आणि मुलीच्या पाठोपाठ तिच्या आईलाही. बाबा रोज दुपारी खाली केअरटेकरशी पत्ते खेळायला जायचे, त्यामुळे कुणाकडून कुणाला, हा हिशेब डॉक्टरांनी पायऱ्या चढता चढताच मांडून टाकला होता.

"मला सहाव्या वर्षीच होऊन गेल्यात," बाबा पांघरुणातून म्हणाले. "एकदा पास झालेल्या परीक्षेला कुणी परत बसतं का?"

क्वचित बसतंही कुणी, असं म्हणून डॉक्टर गेले. पण चिमट्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला होता. कांजिण्या म्हटल्या की आज एक खेप, उद्या दुसरी. अंगावर एकाच वेळी ताजे फोड आणि सुकलेले फोड अशी सरमिसळ असते. इथे सगळ्या पुटकुळ्या एकाच वयाच्या दिसत होत्या. आणि ती पोटरीवरची काळी खपली त्या हिशेबात कुठेच बसत नव्हती. तिने रजेचा फोन केला, मग विचार बदलून रिक्षा बोलावली आणि बाबांना थेट स्वतःच्या इस्पितळात, त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

हे डॉक्टर संथ बोलणारे. एक वाक्य संपवून दुसरं सुरू करेपर्यंत समोरच्याचा जीव टांगणीला लागायचा. त्यांनी भिंग लावून खपली पाहिली, कडेनं बोट फिरवलं, जांघेतल्या गाठी चाचपल्या. मग हात धुतले, पुसले, आणि विचारलं, घरात उंदीर आहेत का.

"होते," ती म्हणाली. "आता नाहीत. सगळे मारले."

"कधी?"

"झाले की साडेतीन आठवडे."

डॉक्टरांनी केसपेपरवर ते टिपून घेतलं. मग त्यांनी सांगितलं ते असं. घरातल्या उंदरांच्या अंगावर एक बारीक किडा असतो, माइट, पिसूहूनही लहान. उंदरांच्या बिळात तो सुखाने राहतो आणि त्यांच्याच रक्तावर जगतो. त्याच्या पोटात कधी कधी रिकेट्सिया नावाचे जंतू असतात. उंदीर आहेत तोवर माणसाच्या वाटेला हा किडा सहसा जात नाही. पण एकदम सगळे उंदीर मेले, की तो उपाशी पडतो आणि मिळेल त्या रक्ताच्या शोधात भिंतींतून बाहेर निघतो. चावलेलं कळतही नाही. तिथे एक पुटकुळी येते, तिची काळी खपली होते, आणि आठवड्याभराने ताप आणि पुरळ. दिसायला कांजिण्यांची सख्खी बहीण. माणसाकडून माणसाला मात्र हा आजार जात नाही.

हे ऐकताना तिने बाबांकडे बघायचं टाळलं. कारण इमारतीतले उंदीर मारायचा धोशा तिनेच लावला होता. स्वयंपाकघराच्या फळीवर लेंड्या दिसल्या तेव्हापासून तिने कमिटीच्या मागे भुणभुण लावली. पिंजरे नकोत, एकेक उंदीर धरत बसायला आपल्याला वेळ नाही, एकदाच जालीम विष टाका आणि विषय संपवा, हे तिचं म्हणणं. त्यासाठी भरलेल्या मीटिंगमध्ये केअरटेकरची बायको दाराशी उभी राहून म्हणाली होती, आधी भोकं बुजवू या, मग पिंजरे लावू, एकदम मारले तर भिंतीत कुजतील. सगळी इमारत त्या बाईला वहिनी म्हणायची. चिमट्याने तिला सगळ्यांसमोर सुनावलं होतं, की वहिनी, मी लॅबमध्ये काम करते, मला कळतं.

डॉक्टरांनी तपासणीची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या लिहून दिल्या. आजार हाच असेल तर दोन दिवसांत ताप उतरेल, असं ते म्हणाले. पण आजाराला नाव द्यायचं तर नमुना हवा. रक्तातली चाचणी इतक्या लवकर काही सांगत नाही, आणि सांगितलं तरी या जंतूच्या भावकीतला नेमका कोण ते सांगत नाही. जे काही आहे ते खपलीत आणि खपलीखाली. डॉक्टरांनी फोर्सेप्सने खपलीची कड हलकेच उचलली, खालच्या ओल्या जागेवर स्वॅब घोळवला, आणि मग खपली अख्खी सोडवून घेतली. पुटकुळ्यांतलं पाणीही दुसऱ्या स्वॅबवर घेतलं. नर्सने सवयीने फॉर्मॅलिनची बाटली पुढे केली, तेव्हा चिमट्याने तिचं मनगटच धरलं. फॉर्मॅलिनमध्ये बुडाली की खपली सूक्ष्मदर्शकाखाली बघायला ठीक, पण जंतूची जनुकं शोधायची तर तिची वाट लागते.

"हळू," बाबा म्हणाले. "माझी खपली आहे, मला काही बोलायचा अधिकार आहे की नाही?"

लॅबच्या प्रमुख, ज्यांना सगळे नुसतंच मॅडम म्हणत, त्यांनी आधी साफ नकार दिला. घरच्या माणसाचा नमुना घरच्याने तपासायचा नाही, असा त्यांचा दंडक. पण ही तपासणी येणारी दुसरी मुलगी बाळंतपणाच्या रजेवर होती. शेवटी मॅडमनी तोड काढली. नमुन्यावर फक्त नंबर राहील, काम चिमटा करेल, मशीनवरचे आलेख मात्र मॅडम स्वतः वाचतील, आणि त्यांची सही होईपर्यंत तिने तोंडातून ब्र काढायचा नाही. ती कबूल झाली. कबूल होताना तिला ते सोपं वाटलं.

शुक्रवारी सकाळी सातलाच ती लॅबमध्ये हजर होती. खपलीचे तिने पात्याने दोन तुकडे केले. एक तुकडा जपून थंडीत ठेवला, दुसरा बारीक करून, द्रावणात विरघळवून, त्यातलं जनुकद्रव्य वेगळं काढलं. पीसीआरच्या पट्टीत एकेक नळी भरताना तिचं लक्ष कधी नव्हे ते फोनकडे जात होतं. एका नळीत बाबांची खपली, एकीत खपलीखालचा स्वॅब, एकीत पुटकुळीचं पाणी. एकीत मुद्दाम ठेवलेले खात्रीचे जंतू, म्हणजे मशीन झोपलेलं नाही हे कळायला. आणि शेवटच्या नळीत नुसतं शुद्ध पाणी, ज्यात काहीही उगवता कामा नये.

मशीन सुरू झालं की दोन तास करण्यासारखं काही नसतं. ती खिडकीशी गेली, परत आली, आधीच पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं, खाली जाऊन चहा मागवला आणि तो तसाच ठेवून वर आली. घरी फोन केला. ताप अजून आहे, पण तू दर अर्ध्या तासाने विचारू नकोस, त्याने वाढतो, असं बाबा म्हणाले.

अकराला मॅडमनी पडद्यावर आलेख उघडले. खपलीची रेघ झोकात वर चढली होती. स्वॅबचीही. तिने सहीसाठी पेन पुढे केलं. पण मॅडमचं बोट दुसरीकडेच थांबलं होतं. पाण्याच्या नळीची रेघही, उशिरा का होईना, वर आली होती.

"आपल्या पाण्यालाही ताप आलाय," मॅडम म्हणाल्या. "रद्द करा."

तिने वाद घातला. पाण्याची रेघ किती उशिरा आलीये, खपलीची किती आधी. हा फरक दिसत नाही का. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, हा नमुना दुसऱ्या कुणाच्या सासऱ्यांचा असता तर तू काय केलं असतंस? दुसऱ्या कुणाचा असता तर तिने स्वतःच पट्टी कचऱ्यात फेकली असती आणि भरणाऱ्याला दोन शब्द सुनावले असते. कुठेतरी थेंब उडाला होता, आणि तो तिच्याच हातून उडाला होता. द्रावणांच्या नव्या बाटल्या संध्याकाळपर्यंत येणार नव्हत्या. म्हणजे पुन्हा सगळं शनिवारी.

आणि शुक्रवारी संध्याकाळी सहाला इमारतीची मीटिंग होती.

विषय एकच होता, तळघरातलं आजारपण. कमिटीचे अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर होते आणि अजून वर्गासमोर असल्यासारखे बोलायचे. त्यांनी खडूने लिहिल्यासारखी यादी वाचली. आधी केअरटेकरची मुलगी, मग तिची आई, मग तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा, म्हणजे बाबा, आणि आता पहिल्या मजल्यावरच्या एका बाईंच्या अंगावरही पुरळ. मुलगी पाळणाघरात कामाला होती, तिथूनच तिने हे आणलं असणार, आणि तळघरातून ते वर चढतंय, असं त्यांचं म्हणणं. पाळणाघराने तिला आधीच घरी बसवलं होतं. तेव्हा या कुटुंबाने निदान महिनाभर दुसरीकडे जावं. मागून कुणीतरी म्हणालं, महिनाभर कशाला, कायमचंच.

केअरटेकर खाली मान घालून उभा होता. वहिनी पदर डोक्यावरून घट्ट ओढून त्याच्या मागे होती. तिच्या अंगात ताप होता हे लांबूनही दिसत होतं.

चिमटा चौथ्या खुर्चीवर बसली होती. सांगण्यासारखं तिच्याकडे होतं. डॉक्टरांना संशय वेगळ्याच आजाराचा आहे, तो एकाचा दुसऱ्याला होत नाही, एवढं जरी ती म्हणाली असती तरी पुरलं असतं. पण मग कुणीतरी विचारणार, मग हा आला कुठून, आणि मग उंदीर, आणि मग विष, आणि मग ते टाकायला लावणारी. तिने स्वतःला बजावलं, की रिपोर्ट हातात नाही, मॅडमना शब्द दिलाय, बिनसहीचं बोलायचं नसतं. सगळी कारणं खरी होती. तिने त्यांच्या आड बसून घेतलं.

केअरटेकरने कुणाशी हुज्जत घातली नाही. उद्या सकाळी जातो, असं म्हणाला. जाता जाता वहिनीने एकदाच वळून बघितलं. चिमट्याने नजर चुकवली.

त्या रात्री तिला झोप लागली असेल नसेल. शनिवारी सकाळी ती निघाली तेव्हा फाटकाशी टेम्पो उभा होता आणि त्यात एक गादी, दोन ट्रंका आणि कपड्यांची बोचकी चढत होती. ती बाजूच्या दाराने बाहेर पडली.

नवं पाणी, नवी द्रावणं, नवे हातमोजे. नमुने भरायची आणि खात्रीचे जंतू हाताळायची अशा दोन खोल्या तिने वेगळ्या केल्या. खपलीचा राहिलेला तुकडा वापरताना हा शेवटचा आहे, हे ती सारखं मनाशी म्हणत होती, आणि त्याचा फायदा असा झाला की हात दगडासारखा स्थिर राहिला. बारा वाजता मॅडमनी आलेख उघडले. पाण्याची रेघ जमिनीला चिकटून सरळ गेली होती. खपली आणि स्वॅब, दोन्ही झपकन वर. पुटकुळीच्या पाण्यात जंतू थोडेच होते, पण होते. कांजिण्यांच्या विषाणूची तपासणी वेगळी लावली होती. त्यात काही नव्हतं.

मॅडमनी सही केली. रिकेट्सियाच्या या गटातला जंतू आढळला, एवढंच लिहिलं. नेमका कोणता, ते ठरवायला खपलीतून काढलेलं उरलेलं जनुकद्रव्य मोठ्या लॅबला पाठवलं. त्याचं उत्तर मंगळवारी येणार होतं.

ती घरी आली तेव्हा बाबा खुर्चीत बसले होते, दाढी झालेली, शर्टाची घडी न मोडलेली. ताप उतरला होता. तिने त्यांना सगळं सांगितलं, अगदी विषापासून ते सहीपर्यंत. बाबा ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"काल मीटिंगला तू होतीस ना?"

"होते."

"आणि हे तुला माहीत होतं."

"रिपोर्ट आला नव्हता, बाबा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे तोंड केलं. त्यांनी ओरडावं असं तिला वाटत होतं. ते ओरडले नाहीत.

घरात तिचा पाय ठरेना. भांडी घासायला घेतली ती अर्धी टाकली. नवऱ्याला संदेश लिहायला घेतला आणि पुसून टाकला. पहिल्या मजल्यावरच्या बाईंच्या घरी जाऊन त्यांना सोमवारी त्वचेच्या डॉक्टरांकडे जायला सांगून आली. केअरटेकर कुठे गेला, हे कुणालाच धड माहीत नव्हतं. शेवटी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने सांगितलं, की शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या गिरणीमागे वहिनीची धाकटी बहीण राहते.

रविवारी सकाळी ती तिथे पोचली. बरोबर त्वचेच्या डॉक्टरांची चिठ्ठी, गोळ्यांची पाकिटं आणि नमुन्याचं सामान होतं. बहिणीची एकच खोली होती, त्यात सात माणसं. वहिनी खिडकीखाली चटईवर पडली होती. मुलगी तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होती. केअरटेकरने चिमट्याला पाहिलं, आणि बसा म्हणाला नाही.

तिने उभ्याउभ्याच सांगायला सुरुवात केली. तुम्हाला झालेल्या कांजिण्या नाहीत. हे कुणाकडून कुणाला होत नाही. तुमच्या मुलीने पाळणाघरातून काही आणलं नाही आणि तुमच्याकडून वर कुणाला काही गेलं नाही. उंदीर एकदम मेले म्हणून त्यांच्या अंगावरचे किडे भिंतीतून बाहेर आले, आणि सगळ्यात आधी तळघरात जे झोपत होते त्यांनाच चावले. उंदीर मारायचा हट्ट माझा होता.

वहिनी कोपरावर टेकून अर्धी उठली. तापाने तिचे डोळे चकाकत होते, पण आवाज अगदी साधा होता.

"विष टाकलंत, ते नकळत. ते मी धरत नाही," ती म्हणाली. "पण शुक्रवारी आमच्यावर खापर फोडलं, तेव्हा तुम्ही चौथ्या खुर्चीवर बसला होता, ताई."

"हो," एवढंच चिमटा म्हणाली.

मग मुलगीच पुढे झाली. तिने आईच्या मानेवरचे केस बाजूला केले आणि केसांच्या कडेला, पाठीच्या वर, एक काळी खपली दाखवली. तिची स्वतःची खपली कमरेवर होती. ती गळून पडून आता गुलाबी खूण राहिली होती. नमुना घेतला तर त्याने काय होईल, असं मुलीने विचारलं. तुमच्या नावाने कागद मिळेल, असं चिमट्याने सांगितलं. मुलीने आईकडे पाहिलं. वहिनीने मान खाली वाकवली, पण तोंड दुसरीकडे ठेवलं.

चिमटा तिच्यामागे गुडघ्यांवर बसली आणि तिने खपली सोडवून घेतली. दुखतंय का, असं तिने विचारलं नाही.

वहिनीचा ताप मंगळवारी उतरला, आणि त्याच दिवशी मोठ्या लॅबचं उत्तरही आलं. बाबांची खपली आणि सोमवारी पाठवलेली वहिनीची, दोन्हींत तोच जंतू होता, उंदरांच्या माइटमधून येणारा, रिकेट्सियलपॉक्स करणारा. आरोग्य खात्याची माणसं तळघरात उतरली. गरम पाण्याचा पाइप जिथून भिंतीत जातो त्या फटीत, वहिनीच्या पलंगाच्या उशापासून हातभर अंतरावर, त्यांनी टॉर्च मारला. भिंतीवर लाल रवा सांडल्यासारखे ठिपके दिसत होते. बोट जवळ नेलं तर ते चालायला लागले. रक्त पिऊन लाल झाले होते. आधी या किड्यांचा बंदोबस्त करायचा असतो आणि मग उंदरांचा, असं त्यांच्यातल्या एका माणसाने पावडर फवारता फवारता, सहज सांगावं तसं सांगितलं. चिमटा तिथेच उभी होती.

बुधवारी पुन्हा मीटिंग भरली. हेडमास्तरांनी तिला आधीच बाजूला घेतलं. 'कीटकांपासून संसर्ग' एवढंच सांगू या, उगाच जुनं उकरून काढायला नको, तुमचंही नाव मध्ये येणार नाही, असं त्यांचं मत पडलं. ती म्हणाली, नाव यायलाच हवं. मग तिने उभं राहून, ज्या खुर्चीवर शुक्रवारी बसली होती तिच्याच पाठीला धरून, सगळं सांगितलं. विषाचा हट्ट कुणाचा होता, वहिनीने तेव्हा काय सुचवलं होतं, तिला कुणी गप्प केलं, आणि शुक्रवारी कुणाला काय माहीत असून ते बोललं गेलं नाही. कुणी वाहवा केली नाही. पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, म्हणजे माझ्या अंगावर हे तुमच्यामुळे. कुणीतरी विचारलं, तुम्ही तर लॅबमध्ये काम करता ना. ती म्हणाली, हो, तरीसुद्धा.

केअरटेकरला परत बोलवायचा ठराव झाला. निरोप घेऊन हेडमास्तर स्वतः गेले, ही त्यांची एक गोष्ट तिला मानावी लागली. केअरटेकरने नकार दिला. त्याला दुसऱ्या एका इमारतीत लिफ्टवर काम मिळालं होतं. पाळणाघराने मात्र मुलीला परत घेतलं, मॅडमच्या सहीचा कागद पाहून आणि त्वचेच्या डॉक्टरांनी फोनवर दहा मिनिटं संथपणे समजावल्यावर.

वहिनीचा रिपोर्ट घेऊन चिमटा पुढच्या रविवारी पुन्हा गिरणीमागे गेली. वहिनी दारातच पोळ्यांच्या पिठाचे हात घेऊन उभी राहिली. चांगली दिसत होती, फक्त गाल बसले होते. मुलीने कागद वाचून दाखवला. जंतूचं नाव येताच ती अडखळली आणि दोघी मायलेकी क्षणभर हसल्या.

"यात आमची चूक नव्हती असं कुठे लिहिलंय?" वहिनीने विचारलं.

तसं लॅबच्या कागदावर लिहीत नाहीत, असं चिमट्याने सांगितलं. कशात काय सापडलं एवढंच लिहितात. वहिनीने मान हलवली, जणू तिला तेच अपेक्षित होतं. चिमट्याने पर्समधून वही काढली, उंबऱ्याशी उकिडवी बसली, गुडघ्यावर वही ठेवून घडलं ते जसंच्या तसं लिहिलं, खाली सही केली आणि पान फाडून दिलं. वहिनीने हात पुसले, ते पान घेतलं, आणि मुलीला न देता स्वतःच एकेक अक्षर लावत वाचलं. वाचून झाल्यावर चार घड्या घातल्या आणि आत नेऊन ठेवलं. परत आली तेव्हा एवढंच म्हणाली, की तव्यावर पोळी आहे.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, बसवलं का तुला.

"नाही."

"मग पुढच्या रविवारी मी येतो बरोबर," बाबा म्हणाले. "माझ्यावर त्यांचा राग नाही. मी आत जाऊन बसेन. तू बाहेर उभी राहा हवं तर."

त्या रविवारी दोघं गेली. बाबा आत जाऊन केअरटेकरशेजारी बसले. ती दाराबाहेर, भिंतीला टेकून उभी राहिली. आतलं बोलणं अर्धवट ऐकू येत होतं. बाबा पोटरी दाखवत होते, केअरटेकर काहीतरी विचारत होता. अर्ध्या तासाने मुलगी एक स्टूल घेऊन बाहेर आली, तिच्याजवळ ठेवलं आणि काही न बोलता आत गेली. ती स्टुलावर बसली.